वाचकाला वकिली नोटीस

‘लेखकाचा मृत्यू’ हा पाठ आपण वर्गांतून वर्षानुवर्षे शिकवत आलो. रोलाँ बार्थचा निबंध १९६७चा, म्हणजे त्याची साठी जवळ आली. संहिता जगात आली की तिच्या अर्थावर निर्मात्याची मालकी उरत नाही, हे वाक्य उत्तरपत्रिकांत इतक्यांदा येते की त्यावर बरोबरची खूण करताना आमचा हात आपोआप पुढे सरकतो. मात्र निर्माता धडधाकट आहे आणि वाचनाला मनाई करणारे वकिली पत्र धाडतो आहे, असा प्रसंग प्रत्यक्ष घडला तेव्हा आमच्या कोणत्याही चर्चासत्रात त्याचा उल्लेख आम्ही ऐकला नाही. कारण उघड आहे. ते वाचन एका व्हिडिओ गेमचे होते.

खेळाचे नाव ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’. (मराठी कानाला हे नाव अभद्र वाटेल; पण ‘मेले’ मेलेले नाही, हाच तर वादाचा मुद्दा.) निंटेंडो कंपनीने तो २००१ साली काढला. चार मित्रांनी जमून धुडगूस घालावा, आकाशातून बाँब पडावेत, कोणाच्या हाती अवचित हातोडा लागावा आणि नवख्याने मुरलेल्याला लोळवावे, अशी त्याची रचना. खेळणाऱ्यांनी तो वेगळा वाचला. स्पर्धा भरवणाऱ्या हौशी मंडळींनी आकाशातून पडणारी आयुधे बंद करून टाकली. प्रत्येकाला चार जीव दिले, लढतीला आठ मिनिटे. खेळातल्या २९ रंगभूमींपैकी सहाच ठेवल्या. ‘हायरूल टेम्पल’वर आघाडी घेतलेला गडी नुसता गोल गोल पळत वेळ काढू शकतो, म्हणून ती बाद. उरलेल्यांतही पहिली लढत कोठे व्हावी हे दोघे प्रतिस्पर्धी आळीपाळीने नको ती नावे खोडत ठरवतात. दोन पराभवांशिवाय कोणी बाहेर जात नाही. भाग्यपत्रिका मांडताना एकाच गावचे दोघे पहिल्याच फेरीत समोरासमोर येऊ नयेत, हेही पाहिले जाते. या प्रत्येक कलमामागे कुठल्या तरी स्पर्धेतले भांडण आहे, आणि ते मिटवणारा, बहुधा फुकट राबणारा, आयोजक आहे.

आम्ही याला संपादन म्हणतो. निर्मात्याने मांडलेला गोंधळ काढून संहितेत दडलेली दुसरी, कठोर संहिता वर आणायची, आणि तीही पोथी न बदलता, केवळ ती कशी वाचायची याचे संकेत ठरवून! पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी याहून चांगले उदाहरण दाखवावे.

या खेळात मुळात इंटरनेटची सोयच नव्हती. ज्या गेमक्यूब यंत्रासाठी तो होता, त्याचे उत्पादनही २००७ साली थांबले. २०२०च्या महासाथीत एकत्र जमणे अशक्य झाले, तेव्हा ‘स्लिपी’ नावाची आज्ञावली कामी आली. सेकंदाला साठ चित्रे पळवणाऱ्या या खेळात दूरच्या गड्याची कळ पोहोचायला क्षणभर उशीर झाला तरी डाव बिघडतो. म्हणून स्लिपी त्याची पुढची कळ आधीच ताडते आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करते. हे काम कंपनीने नव्हे, खेळाच्या प्रेमिकांनी केले. मिशिगनची ‘द बिग हाउस’ ही स्पर्धा तिच्या आधारे घरोघरून खेळवायचे ठरले. नोव्हेंबरमध्ये कंपनीचे पत्र आले: स्लिपीला खेळाची बेकायदा प्रत लागते, स्पर्धा थांबवा. स्पर्धा रद्द झाली. २०१३ साली ‘इव्हो’ स्पर्धेतही कंपनीने ‘मेले’च्या थेट प्रक्षेपणाला मनाई केली होती, स्तनकर्करोगाच्या संशोधनासाठी ९४,००० डॉलरांवर देणग्या गोळा करून चाहत्यांनी त्या स्पर्धेत जागा मिळवली होती. तेव्हा गदारोळ झाला आणि काही तासांत मनाई मागे घ्यावी लागली. २०२०मध्येही गदारोळ झाला. पत्र मागे घेतले गेले नाही.

२०२३ साली कंपनीने लोकस्पर्धांसाठी नियमच जाहीर केले. समक्ष स्पर्धेला २०० खेळाडू, ऑनलाइन ३००. प्रायोजक नको, बदललेला खेळ नको, खाद्यपेयांची विक्री नको. याहून मोठे काही करायचे तर स्वतंत्र परवाना घ्या.

यावर आक्षेप ठरलेला आहे: नाटककाराची परवानगी आपण घेतोच ना? घेतो, आणि घ्यावीच. त्याचे मानधन बुडवणाऱ्या संस्थांबद्दल आम्हाला कळवळा नाही. पण आपला नाटककार स्पर्धेत किती संस्था उतराव्यात याचा आकडा ठरवत नाही, की मध्यंतरातल्या बटाटेवड्यावर बंदी घालत नाही. ‘बेकायदा प्रत’ हा मुद्दा मात्र खरा आहे. तो आम्ही झटकत नाही. मात्र निर्मात्याने यंत्र बंद करावे, दूरवरून खेळण्याची सोय कधी देऊ नये, आणि दुसऱ्याने ती केली की कायदा काढावा, हे प्रतीचे रक्षण नव्हे. येथे मालकी वाचनावर सांगितली जाते आहे.

आणि कायद्याचेच बोलायचे तर आपल्याकडच्या प्रताधिकार कायद्याकडे (१९५७) एकदा पाहावे. हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांपुढे केलेला साहित्य, नाट्य वा संगीतकृतीचा प्रयोग त्याच्या ५२व्या कलमाने उल्लंघन ठरत नाही. हौशी माणसाची एवढी बूज त्या कायद्याने राखली आहे. १९८४च्या दुरुस्तीने संगणकाची आज्ञावलीही ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत आली. व्हिडिओ गेमची स्पर्धा या सवलतीत बसते की नाही, हे वकिलांनी भांडून ठरवावे. आमचे मागणे लहान आहे: वाचककेंद्री समीक्षेवर पुढचे चर्चासत्र भरेल तेव्हा टिपणांबरोबर अशा एखाद्या स्पर्धेची नियमावलीही वाटावी, बाद रंगभूमींच्या यादीसकट; आणि तिच्याशेजारी ते २०२३चे नियम.