दिशापरिमाण आणि सायकलची वाट

या सदरात आपण आजवर ठेवी, विमा, मृत्युपत्र अशा विषयांचे नियोजन पाहिले. या महिन्याचा विषय वरवर निराळा भासेल. आपल्या समाजातील पन्नाशी-साठीचे अनेक व्यापारी बंधू हल्ली पहाटे सायकल चालवितात आणि हिमालयातील लांबच्या सायकलयात्रेचे बेत आखू लागले आहेत. बेत उत्तम आहे. मात्र पेढीवर अंगवळणी पडलेली लक्ष्य गाठण्याची घाई डोंगरात सोबत नेली, तर ती जिवावर बेतू शकते.

श्रावकाच्या बारा व्रतांतील सहावे व्रत दिशापरिमाणाचे आहे. कोणत्या दिशेला किती दूर जावयाचे, याची मर्यादा आधीच ठरवावयाची. देशावकाशिक व्रत तीच मर्यादा त्या त्या दिवसापुरती आणखी आवळते. या व्रताचे अतिचार पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. वरच्या, खालच्या किंवा आडव्या दिशेची मर्यादा ओलांडणे, एका दिशेचे उरलेले अंतर दुसऱ्या दिशेला जोडून क्षेत्र वाढविणे आणि ठरविलेली मर्यादा विसरणे, हे ते पाच अतिचार. डोंगरात सायकल नेणाऱ्याला याहून नेमकी सूचना कोणी देऊ शकेल असे वाटत नाही.

उदाहरणादाखल शिमला ते काझा ही वाट घेऊ. अंतर सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. शिमल्याहून नारकंड्याच्या 2,700 मीटरपर्यंत चढ, तेथून रामपूरला सतलजच्या काठी सुमारे 1,000 मीटरपर्यंत उतार आणि मग नदीच्या सोबतीने किन्नौरमध्ये प्रवेश. खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते आणि रस्ता स्पितीच्या खोऱ्याकडे वळतो. मनालीहून येणारी वाट जवळची असली, तरी ती लवकरच 4,500 मीटरहून उंच कुंझुम खिंडीत नेते. शिमल्याची वाट शरीराला सवय होण्यास अवधी देते, म्हणून उतारवयातील प्रवाशाने तीच धरावी.

वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य संकेत असा, की 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. या वाटेवर अवघड जागा एकच, ती म्हणजे नाको. पूहकडून आलेला प्रवासी तेथे एका दिवसात जवळपास 1,000 मीटर वर, 3,660 मीटरला पोहोचतो. म्हणून त्याआधी 2,960 मीटरवरील कल्पा येथे दोन रात्री काढाव्यात आणि नाकोतही दोन. डोके दुखू लागले, मळमळ झाली, तर पुढे चढणे थांबवावे; त्रास वाढला तर त्वरित खाली उतरावे. 'काल कमी अंतर झाले, आज भरून काढू' हा हिशेब येथे चालत नाही. शास्त्रकारांनी क्षेत्रवृद्धीला अतिचार का म्हटले, ते अशा वेळी उमगते. निघण्यापूर्वी हृदय व रक्तदाब यांची तपासणी अर्थातच अनिवार्य.

रोज तीस-पस्तीस किलोमीटर धरले, तर बारा दिवस सायकलचे, दोन विसाव्याचे आणि तीन राखीव. दरड कोसळून रस्ता बंद होणे या भागात नित्याचे आहे, त्यामुळे राखीव दिवस ही चैन समजू नये. बँकेत रोख राखीव निधी ज्या कारणासाठी ठेवतात, तेच कारण येथेही आहे. दिवस उरलेच तर ताबो येथे राहावे. इ.स. 996 मध्ये स्थापन झालेल्या तेथील मठाच्या मातीच्या भिंतींवरील चित्रे घाईने पाहण्यासारखी नाहीत.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत प्रथम निघतो. स्पितीत बटाटा मुबलक, त्यामुळे खानावळीत आधीच सांगावे लागते. पण वाटाणा, जव आणि किन्नौरची फळे मिळतात. खाखरा, सातू व मुगाची डाळ जवळ असावी. काझ्याच्या उंचीवर पाणी सुमारे 88 अंशांनाच उकळते. त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजत नाही आणि पिण्याचे पाणीही किमान तीन मिनिटे उकळत ठेवावे. स्पितीत दुपारनंतर जोराचा वारा सुटतो. तेव्हा पहाटे सामान बांधून, नवकारसी पाळून निघावे आणि दुपारपर्यंत मुक्काम गाठावा. चौविहार पाळणाऱ्याला मग कसलीच धावपळ उरत नाही. सामानाचे वजन दहा किलोंच्या आत ठेवावे. परिग्रहाचे परिमाण चढावर गुडघ्यांना लगेच कळते.

काळ कोणता निवडावा? पावसाळ्यात किन्नौरचे रस्ते धोक्याचे आणि आपला चातुर्मासही तेव्हाच. म्हणून 20 मे रोजी जीएसटीचे विवरणपत्र भरून 21 ला निघावे. जाणे-येणे धरून तीन आठवडे लागतील. परतताना काझ्याहून सायकल बसच्या टपावर चढवावी. पिओच्या पुढे एटीएमवर भिस्त ठेवू नये, आणि फोनवर तर मुळीच नाही.

खरी कसोटी येथेच आहे. 7 जूनचा टीडीएसचा भरणा आणि 11 जूनचे विवरणपत्र तुमच्या अनुपस्थितीत भरले जाणार आहे. धनादेशावर सही कोणाची, उधारीची मर्यादा किती, अडल्यास सल्ला कोणाचा, हे लेखी ठरवून बँकेत तसे अधिकारपत्र देऊन ठेवावे. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी अशी कित्येक खाती पाहिली, जेथे मुलगा पंचेचाळिशीचा झाला तरी सहीचा अधिकार वडिलांकडेच होता. वडील अचानक अंथरुणाला खिळले आणि चांगली चालणारी पेढी महिनाभर अडून राहिली. तीन आठवडे स्वेच्छेने दूर राहणे ही त्या दिवसाची रंगीत तालीम होय. मुलाच्या हातून एखादी चूक होईल. ती तुमच्या हयातीत झालेली बरी.

दिशा ठरवा, मर्यादा लिहून ठेवा आणि किल्ल्या मनापासून सोपवून निघा. जय जिनेंद्र.