झिरो बघितला, पण आत काय चाललंय?

परवा सिल्लोड रोडवरच्या एका पंपावर उभा होतो. पुढच्या दुचाकीवाल्या काकांना पोऱ्या म्हणाला, "झिरो बघा." काकांनी बघितला, पैसे दिले, निघाले. आपण सगळे हेच करतो. आणि मला 2017 आठवलं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये लखनौला पोलिसांनी पेट्रोल पंपांच्या मशीनमध्ये लपवलेल्या चिपा पकडल्या. मग ठाणे पोलिसांनी आपल्या राज्यातल्या कितीतरी जिल्ह्यांत पंपांवर छापे टाकले. युक्ती साधी होती. मशीनमधला पल्सर किती तेल गेलं ते मोजून विजेचे ठोके पाठवतो आणि त्यावर आकडा पळतो. मध्ये चिप बसवली की तेल कमी जातं, आकडा मात्र पूर्ण पळतो. लखनौत तर रिमोट होता, तपासणीवाला आला की बटण दाबायचं, माप बरोबर! झिरो खरा होता, खोटं पुढेच सुरू व्हायचं.

मित्रांनो, ती चिप निदान सुटी तरी होती. मशीन उघडलं, सापडली. आता चिपाच एकावर एक रचतात. थरावर थर, मधून केसाहून बारीक उभ्या तारा. जागा कमी लागते, वेग वाढतो, तंत्र चांगलंच आहे. पण एक थर एका देशातला, दुसरा दुसऱ्या, जुळणी तिसरीकडेच. कुणी एखाद्या थरात नको ते घुसवलं तर? मोंढ्यात व्यापारी मक्याच्या गोणीत नळी खुपसून तळाचा माल बघतो. इथं तसं करता येत नाही. मधला थर नीट बघायचा तर चिप फोडावी लागते, आणि फोडली की ती कामातून गेली. म्हणून प्रत्येक थर रचण्याआधीच तपासायला हवा.

आपल्या देशात साणंद, जागीरोडला चिपांच्या जुळणीचे कारखाने उभे राहतायत. आनंदच आहे. पण भाषणात रोजगाराचे आकडे येतात, तपासणीचा शब्द येत नाही. (आम्ही पत्रकारही विचारत नाही, हे कबूल.)

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी केंद्रानं 2024 मध्ये सुरक्षा चाचणी सक्तीची केली, त्यात आतलं हार्डवेअरही आलं. मग घरोघरी लागणाऱ्या स्मार्ट मीटरचं काय? त्यातून दुरून वीज तोडता येते. आतली चिप कुणी बनवली, कुणी जुळवली, कुठल्या प्रयोगशाळेनं तपासली, हे महावितरणनं गावातल्या माणसाला कळेल अशा मराठीत जाहीर करावं. मीटरला विरोध नाही माझा, कागद दाखवा एवढंच.

आणि पंपावर शंका आली तर भांडू नका. 5 लिटरचं माप मागा, तो तुमचा हक्क आहे. 25 मिलीपेक्षा जास्त कमी भरलं तर वैधमापन विभागाकडे लेखी तक्रार करा. पावती मात्र जपून ठेवा.