तंदुरुस्त असेपर्यंतच नायक

कुवेतमधील मंगफ येथे १२ जून २०२४ च्या पहाटे कामगारांच्या एका निवासी इमारतीला आग लागली आणि सुमारे ५० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ४५ भारतीय होते. ही गोष्ट आपल्याकडे कित्येक दिवस चर्चेत राहिली. मृतांमध्ये ३ फिलिपिनोही होते, हे वाक्य मात्र बहुतेक बातम्यांच्या तळाशी गेले. बहुतेकांचा प्राण ज्वाळांनी नव्हे, धुराने घेतला. मालकाने दिलेल्या जागेत दाटीवाटीने राहणारी, पहाटेच्या गाढ झोपेतली ही माणसे वेगवेगळ्या देशांची होती. तरी परदेशात काम करणाऱ्या माणसाचे आरोग्य कशाकशावर अवलंबून असते, याचे उत्तर त्या एका इमारतीत एकवटलेले होते. खोली कोणाची, दार कोठे उघडते, जेवण कधी मिळते, झोप किती आणि आजारी पडल्यावर डॉक्टरकडे जाण्याची परवानगी कोण देतो, यांपैकी एकही गोष्ट कामगाराच्या हाती नसते.

या प्रश्नाचा विचार करायचा तर फिलिपिन्सचे उदाहरण सर्वांत उपयुक्त ठरते, कारण आपल्या नागरिकांना परदेशी कामाला पाठवण्याची एवढी पद्धतशीर सरकारी यंत्रणा दुसऱ्या कोणत्याही देशाने क्वचितच उभी केली असेल. १९७४ च्या कामगार संहितेपासून हे धोरण अधिकृत झाले. राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो यांनी १९८८ मध्ये हाँगकाँगमधील घरकामगार महिलांसमोर बोलताना त्यांना 'नवे नायक' म्हटले आणि तो शब्द कायमचा चिकटला. १९९५ मध्ये सिंगापूरमध्ये फ्लोर कॉन्टेम्प्लासिऑन या फिलिपिनो घरकामगार महिलेला फाशी झाली, तेव्हा उसळलेल्या लोकक्षोभातून त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र कायदा आला. डिसेंबर २०२१ मध्ये तर या कामगारांसाठी स्वतंत्र मंत्रालयच स्थापण्याचा कायदा झाला. फिलिपिन्सच्या सांख्यिकी विभागाच्या २०२३ च्या पाहणीनुसार असे कामगार सुमारे २१.६ लाख आहेत. त्यांत स्त्रिया निम्म्याहून अधिक असून दर पाचांतील एक सौदी अरेबियात आहे. परदेशस्थ फिलिपिनोंनी २०२४ मध्ये बँकांमार्फत मायदेशी पाठवलेली रक्कम सुमारे ३४.५ अब्ज डॉलर होती, म्हणजे देशाच्या सकल उत्पादनाच्या सुमारे साडेसात टक्के. एवढा पैसा ज्या शरीरांच्या जोरावर येतो, त्या शरीरांचे पुढे काय होते, हा प्रश्न या आकडेवारीत उमटत नाही.

शरीराची दखल अजिबात घेतली जात नाही, असे नाही. ती सुरुवातीलाच, फार काटेकोरपणे घेतली जाते. आखातात जाऊन आलेल्या प्रत्येकाला 'मेडिकल' हा शब्द ठाऊक असतो. ठरवून दिलेल्या केंद्रातच तपासणी, छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, स्त्रियांच्या बाबतीत गरोदरपणाची चाचणी, आणि शेवटी 'फिट' किंवा 'अनफिट' असा शिक्का. तेथे पोहोचल्यावर निवास परवान्यासाठी पुन्हा तपासणी होते. एचआयव्हीसारखे निदान झाले तर उपचारांऐवजी थेट मायदेशी रवानगी होते. या पद्धतीचा परिणाम उघड आहे. पाठवला जाणारा कामगार हा त्याच्या देशातील सरासरी माणसापेक्षा निरोगी असतो. मग पुढील दहा-पंधरा वर्षांत रक्तदाब वाढला, कंबर गेली, साखर चढली, तर तो आजार कोणाच्याच खात्यात जमा होत नाही. नोकरी देणारा देश म्हणतो, हा आमचा नागरिक नाही. पाठवणारा देश म्हणतो, जाताना तर तंदुरुस्त होता. आणि कामगार स्वतः तक्रार करत नाही, कारण तपासणी ही त्याच्या लेखी उपचाराची पहिली पायरी नसून नोकरी जाण्याची पहिली पायरी असते.

हाँगकाँगचे उदाहरण येथे मुद्दाम तपासण्यासारखे आहे, कारण तेथे कायदा कागदावर बराच उदार आहे. तेथे सुमारे दोन लाख फिलिपिनो घरकामगार आहेत आणि त्यांत जवळजवळ सर्व स्त्रिया. सरकारने ठरवलेल्या नमुना करारानुसार मालकाने मोफत वैद्यकीय उपचार द्यावयाचे असतात. त्यात रुग्णालयातील दाखलाच नव्हे, तर दातांचे तातडीचे उपचारही येतात. आठवड्यातून एक दिवस सुटी सक्तीची आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मासिक वेतन ४,९९० हाँगकाँग डॉलर ठरले आणि जेवण न दिल्यास महिना १,२३६ डॉलरचा भत्ता कायम राहिला. हा भत्ता दिवसाला एक्केचाळीस डॉलर पडतो. त्या शहरात बाहेर एक वेळचे बऱ्यापैकी जेवण करायचे तर तो त्यातच संपतो.

अडचण दुसऱ्या नियमांत आहे. २००३ पासून घरकामगाराने मालकाच्याच घरी राहणे बंधनकारक आहे. हाँगकाँगची घरे किती लहान असतात, हे सर्वश्रुत आहे. करारात 'योग्य निवास आणि वाजवी खासगीपणा' असे शब्द आहेत, पण मुलांच्या खोलीतील वरचा पलंग किंवा स्वयंपाकघराशेजारचा कोपरा या शब्दांत बसवता येतो. कामाच्या तासांना कमाल मर्यादा नाही. राहण्याची आणि कामाची जागा एकच असली, की दिवस कोठे संपतो हे ठरवणारा कोणी उरत नाही. रात्री बाळ रडले तर उठायचे, पहाटे डबे भरायचे, वृद्ध आजोबांना उचलून बसवायचे. वृद्धांची शुश्रूषा हे आता घरकामाचेच अंग झाले आहे. ते शरीराचे कष्टाचे काम आहे आणि पाठीचे दुखणे त्याच्याबरोबर येते. अशा नोकरीत 'मला विश्रांती हवी' हे वाक्य ज्याच्याकडे उच्चारायचे, तोच घराचा मालक, तोच वरिष्ठ आणि तोच व्हिसाचा पुरस्कर्ता असतो.

त्यातही १९८७ पासूनचा 'दोन आठवड्यांचा नियम' सर्वांत जाचक. करार संपला किंवा मोडला, की चौदा दिवसांत देश सोडायचा. आजारपणाच्या पगारी रजेवर असलेल्या दिवशी कामगाराला काढून टाकणे तेथील कायद्याने गुन्हा आहे. परंतु करार एक महिन्याची सूचना देऊन कधीही संपवता येतो. म्हणजे कायद्याने आजाराच्या दिवसाला संरक्षण दिले, आजारी माणसाला नाही. २०१९ मध्ये एका फिलिपिनो घरकामगार महिलेला कर्करोगाचे निदान झाल्यानंतर कामावरून काढण्यात आले आणि नोकरीबरोबरच सरकारी रुग्णालयातील सवलतीच्या दरातील उपचारांचा हक्कही गेला, तेव्हा ही विसंगती जगासमोर आली. २०२२ च्या आरंभी करोनाच्या लाटेत बाधित झालेल्या काही घरकामगारांना मालकांनी घराबाहेर काढले आणि थंडीत उघड्यावर रात्री काढण्याची वेळ त्यांच्यावर आली. सरकारला त्या वेळी मालकांना कायद्याची आठवण करून द्यावी लागली.

रविवारी शहराच्या मध्यभागी, सेंट्रल भागातील बँकांच्या उत्तुंग इमारतींच्या पायथ्याशी, पुठ्ठ्याचे खोके पसरून बसलेल्या हजारो फिलिपिनो स्त्रिया दिसतात. पर्यटकांना ती गर्दी मौजेची वाटते. वस्तुतः ती गरजेची आहे: स्वतःचे दार नसलेल्या माणसाला सुटीच्या दिवशी जाण्यासाठी जागा लागते. तेथे भात आणि सुक्या मासळीचे डबे उघडतात, एकमेकींचे केस कापले जातात, गाणी होतात, मायदेशी पाठवायच्या 'बालिकबायान' खोक्यांत साबण, डबाबंद मांस आणि मुलांचे बूट भरले जातात. आठवडाभराच्या एकटेपणावर यापेक्षा परिणामकारक औषध क्वचितच असेल. सुटीचा एक दिवस केवळ कामगार हक्क नाही, तो आरोग्याचाही प्रश्न आहे. आखातातील अनेक घरांत तो प्रत्यक्षात मिळत नाही, हा तेथील आणि हाँगकाँगमधील खरा फरक. २०१८ मध्ये कुवेतमध्ये एका फिलिपिनो घरकामगार महिलेचा मृतदेह शीतकपाटात सापडल्यानंतर फिलिपिन्सने कामगार पाठवणे थांबवले आणि मे महिन्यात दोन्ही देशांत करार झाला. त्यात अन्न, वस्त्र, निवारा आणि आरोग्य विमा यांची हमी होती; पासपोर्ट मालकाने ठेवून घेऊ नये, मोबाइल वापरू द्यावा, असेही होते. कामावर ठेवलेल्या बाईला जेवू घाला, हे दोन सार्वभौम राष्ट्रांना लेखी ठरवावे लागते, यातच परिस्थितीचे मोजमाप आहे. त्यानंतरही जानेवारी २०२३ मध्ये आणखी एका तरुणीची हत्या झाली आणि बंदीचे चक्र पुन्हा फिरले.

गोव्यातील वाचकाला अधिक ओळखीचा वाटेल तो समुद्रावरचा फिलिपिनो. प्रवासी जहाजांवर आपले तारवटी आणि फिलिपिनो खलाशी एकाच स्वयंपाकघरात, एकाच डेकखालच्या केबिनमध्ये वर्षानुवर्षे काम करत आले आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस'वर भारतीय कर्मचारी शंभराहून अधिक आणि फिलिपिनो पाचशेहून अधिक होते. प्रवाशांना खोल्यांत बंद केले असताना त्यांना जेवण पोहोचवण्याचे काम हेच लोक करत होते आणि स्वतः मात्र सामायिक केबिनमध्ये झोपत होते.

खलाशांच्या बाबतीत फिलिपिन्सचा नमुना करार तपशिलाने बराच पुढे आहे. मूळ पगाराचा ऐंशी टक्के भाग थेट घरी पाठवणे बंधनकारक आहे. आजारामुळे जहाजावरून उतरवलेल्या खलाशाला १२० दिवसांपर्यंत आजारपणाचा भत्ता मिळतो, पण त्यासाठी मायदेशी परतल्यापासून तीन दिवसांत कंपनीने नेमलेल्या डॉक्टरपुढे हजर व्हावे लागते. कायमचे अपंगत्व आहे की नाही, हा निर्णय प्रथम त्याच डॉक्टरचा. साहजिकच नुकसानभरपाईचे खटले वाढले आणि त्यांवर जगणारे दलालही. सप्टेंबर २०२४ मध्ये संमत झालेल्या खलाशांच्या नव्या कायद्याने प्रशिक्षण, वागणूक, वैद्यकीय सेवा यांबाबत बरेच चांगले दिले. तथापि वादग्रस्त भरपाईची रक्कम हाती पडण्यापूर्वी खलाशानेच हमी द्यावी, अशी तरतूदही त्यात आली. हृदयविकाराने घरी बसलेल्या माणसाने हमीची रक्कम आणायची कोठून, असा कामगार संघटनांचा सवाल आहे आणि तो रास्त आहे.

परिचारिकांची गोष्ट तर अधिकच विरोधाभासाची. अमेरिकेतील परिचारिकांत फिलिपिनो वंशाच्या सुमारे चार टक्के. परंतु सप्टेंबर २०२० मध्ये तेथील परिचारिकांच्या एका राष्ट्रीय संघटनेने केलेल्या मोजणीत करोनाने दगावलेल्या परिचारिकांपैकी जवळजवळ एकतृतीयांश फिलिपिनो निघाल्या. रुग्णांच्या अगदी खाटेशी करायच्या कामांत, अतिदक्षता विभागांत आणि वृद्धाश्रमांत त्यांचे प्रमाण अधिक, हे त्यामागील मुख्य कारण. त्याच काळात फिलिपिन्समधील रुग्णालयांत परिचारिका अपुऱ्या पडत होत्या, म्हणून सरकारला त्यांच्या परदेशगमनावर वार्षिक मर्यादा घालावी लागली.

मायदेशाने आपली बाजू कितपत सांभाळली? कल्याण निधीचे सदस्यत्व दर कराराला २५ डॉलर भरून मिळते आणि त्यातून काही साहाय्य होते. १ मे २०२२ रोजी पाम्पांगा प्रांतातील सान फर्नांदो येथे परदेशस्थ कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी खास रुग्णालय सुरू झाले. पण हाँगकाँग किंवा रियाधमधील रुग्णाला त्याचा उपयोग परतल्यावरच. २०२० मध्ये सरकारी आरोग्य विमा संस्था 'फिलहेल्थ'ने परदेशस्थांचा हप्ता उत्पन्नाच्या तीन टक्के केला, तेव्हा कामगारांनी एवढा संताप व्यक्त केला की मे महिन्यात सरकारला तो ऐच्छिक करावा लागला. त्यांचे म्हणणे साधे होते: जेथे आम्ही आजारी पडतो तेथे हा विमा फारसा कामाचा नाही. त्यांचा राग समजण्यासारखा होता, पण परिणाम त्यांच्याच विरुद्ध जाणारा ठरू शकतो. परतल्यावर, पन्नाशीत, मूत्रपिंड किंवा हृदय दगा देते तेव्हा हाच विमा हवा असतो. घरातील आईबापांच्या औषधांसाठी पैसे पाठवणारी मुलगी स्वतःच्या डोकेदुखीवर वेदनाशामक गोळी घेऊन वेळ मारून नेते, हे दृश्य इलोइलोत जितके ओळखीचे तितकेच सासष्टीतही.

येथे गोव्याने स्वतःकडे पाहणे क्रमप्राप्त आहे. केंद्र सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना अपघाती मृत्यूला १० लाख रुपयांचे संरक्षण देते, परंतु ती सक्तीची आहे ती 'इमिग्रेशन चेक'ची अट असलेल्या पासपोर्टधारकांना. दहावी उत्तीर्ण गोमंतकीय त्या चौकटीबाहेर पडतो. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेला तर भारताच्या कोणत्याच हिशेबात नाही. राज्य सरकारची निवृत्त खलाशी आणि त्यांच्या विधवांसाठीची निवृत्तिवेतन योजना स्वागतार्ह आहे, पण ती उत्पन्नाची आहे, आरोग्याची नाही. मुंबईत धोबी तलावाजवळच्या गावोगावच्या कूड एकेकाळी जहाजाची वाट पाहणाऱ्या तारवट्याला छप्पर आणि आजारपणात सोबत देत. त्यांची जागा आज कोणी घेतली आहे, असे दिसत नाही.

फिलिपिन्समध्ये निदान कामगार किती, कोठे, स्त्रिया किती, हे दरवर्षी मोजले जाते. गोव्यातून किती जण बोटीवर आहेत, किती आखातात आणि त्यांतील किती जण आजारामुळे मुदतीपूर्वी परतले, याची अशी नियमित वार्षिक मोजणी राज्यात होत नाही. ती करायची झाल्यास पहिली नोंद परतणाऱ्याच्या वैद्यकीय तपासणीची असायला हवी: जाताना सक्तीची होती तशीच, पण या वेळी त्याला नाकारण्यासाठी नव्हे, त्याच्यावर उपचार सुरू करण्यासाठी.