आजीची वाटी केवढी?

आमच्या मुलांची आजी गेल्या वर्षी, दिवाळीला पंधरा दिवस असताना, सांगलीच्या घरी वारली. वय झालेले होते, तेव्हा अकाली गेली असे म्हणता येणार नाही. तरी यंदा फराळाच्या ताटात नानकटाईची जागा चुकली, आणि त्यावरून जे सुचले ते इतर पालकांपुढे मांडावेसे वाटते.

आजीला बेकरीचे पदार्थ करण्याची भारी हौस. आमच्या लहानपणी घरी ओव्हन नव्हता. शेगडीवर कढईत वाळू तापवायची, तिच्यात केकचे भांडे ठेवायचे आणि वरच्या झाकणावर निखारे. घरात अंडे चालत नसे, म्हणून दही आणि खाण्याचा सोडा. दह्याच्या आंबटपणाने सोड्यातून वायू सुटतो व केक फुगतो, हे आम्ही पुढे पुस्तकात शिकलो; तिच्या हाताला ते आधीच ठाऊक होते. मे महिन्यात मैदा, तूप, साखर डब्यांत भरून गल्लीच्या टोकाच्या बेकरीत न्यायची आणि नानकटाई भाजून आणायची. आपले तूप आपल्याच नानकटाईत पडते ना, हे पाहायला ती भट्टीपाशी उभी राही!

इथे अमेरिकेत आली ती सहा महिन्यांसाठी. तोवर आमचा ओव्हन म्हणजे कढया ठेवायचे कपाट होते. आजीने कढया बाहेर काढल्या आणि ३५० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे १७५ सेल्सियस, एवढे आमच्याकडून समजून घेतले. मग रोज दुपारी शाल गुंडाळून, हातात डबा घेऊन ती शाळेच्या बसची वाट पाहत उभी. धाकटी स्टुलावर चढून तिच्या शेजारी पीठ मळायची. आजीला इंग्रजी येत नव्हते आणि मुलीला मराठीवाचून डबा मिळत नव्हता. सहा महिन्यांत ती जेवढे मराठी शिकली, तेवढे आम्ही सहा वर्षांत शिकवले नव्हते.

आम्ही पडलो इंजिनियर. आजीसमोर बसून कृती नीट टिपून घेतली होती: दोन वाट्या मैदा, एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, वेलची, चिमूटभर सोडा. यंदा त्याबरहुकूम केले, तर सगळ्या नानकटाया तव्यावरच्या धिरड्यासारख्या पसरल्या. धाकटी म्हणाली, "बाबा, तूप थिजलेलं हवं. आजी ते पांढरं होईपर्यंत फेसायची." आम्ही वितळलेले घातले होते. आमच्या कागदावर 'थिजलेले' नव्हते आणि 'फेसणे'ही नव्हते. मापे आम्ही टिपली, शब्द मुलीने टिपले. आणखी काय काय निसटले, ते आता विचारणार कोणाला?

आपल्या वर्गात कधी कधी वाद होतो की दोन तासांत जोडाक्षरे आणि व्याकरण शिकवावे, की गप्पागोष्टी कराव्यात. जोडाक्षरे हवीतच, त्यांच्यावाचून आजीचे पत्र वाचता येत नाही. पण ज्या भाषेत कोणाशी बोलायचेच नाही, ती मुले परीक्षेपुरती शिकतील आणि विसरतील. आपल्यापैकी बहुतेकांच्या मुलांना आजी-आजोबा आहेत, फोनवर भेटतातही. त्या फोनवर "कशी आहेस? बरी आहे" याच्यापुढे गाडी जात नाही, कारण विचारायला विषय नसतो. तो विषय वर्गाने द्यावा.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मुलाने या सत्रात आजी-आजोबांना एक पदार्थ किंवा एक काम विचारावे: लोणचे, गोधडी, सायकलचे पंक्चर, काहीही. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहावे, पुस्तकी करू नये. शुद्धलेखन बाईंनी तपासावे, शब्द मात्र बदलू नयेत. आणि वाटी सांगितली तर "केवढी वाटी?" हे विचारावेच, वाटीभर पाणी मापून पाहिले की काम झाले. दर अंकात एक पान त्यासाठी ठेवावे.

पहिले पान आम्ही देत आहोत. धाकटीच्या अक्षरातली नानकटाई मागच्या पानावर आहे. दुसऱ्या खेपेला ती जमली. आजीइतकी खुसखुशीत नाही, पण पसरली नाही. पालकहो, ज्यांना विचारता येईल त्यांनी या रविवारीच विचारा.

— एक पालक