दुसऱ्याच्या घरचे लेकरू

दीर्घ आजारामुळे मूल सांभाळणे अशक्य झाले, म्हणून बाल कल्याण समितीने ते प्रतिपालक कुटुंबाकडे सोपविले. आता दिवाळीत त्याचे तोंड पाहावे म्हटले, तर ते घर दार उघडीत नाही. अशा आईने काय करावे?

भगिनी, प्रतिपालन म्हणजे दत्तक नव्हे. तुमचे नाते तुटलेले नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ४४ अशा आईबापांना मुलाची नियमित भेट घेऊ देते. मात्र त्या दारात भांडू नका. समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. अर्ज तिच्याकडेच करावा. प्रकृती सुधारल्याचा डॉक्टरी दाखला जोडावा, भेट कधी व किती वेळ हवी ते लिहावे आणि पोच घ्यावी. भेट मुलाच्या हिताची नाही असे समितीला वाटल्यास तिने कारणे नोंदविलीच पाहिजेत. ती न पटल्यास ३० दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

मिळालेली भेट कधी चुकवू नका. आईबाप सांभाळण्यास समर्थ आहेत असे समितीने ठरविले, की मूल घरी परतू शकते. तोवर त्या घरच्या बाईंशीही गोडीने वागा. यंदा तुमच्या लेकराला पहिली अंघोळ त्याच घालणार आहेत.