एक उल्का, दोन साक्षीदार

काळा, जड आणि चुंबकाला ओढणारा दगड सापडला की तो आकाशातून पडलेला दगड, म्हणजे अशनीच असणार, अशी अनेक हौशी मंडळींची खात्री होते. रायगड जिल्ह्यात ही कसोटी सपशेल फसते. इथले डोंगरच काळ्या बेसाल्टचे आहेत आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. म्हणून दोऱ्याला टांगलेले चुंबक ओढ्यातल्या साध्या गोट्याकडेही झुकते. पोलाद कारखान्यातला स्लॅग तर त्याहून फसवा. तो काळा आणि काचेसारखा दिसतो, पण फोडला की आत बुडबुड्यांची भोके निघतात. अशनीत अशी भोके जवळजवळ कधीच नसतात. ताज्या अशनीवर मिलिमीटरपेक्षाही पातळ जळका थर असतो, आत राखाडी गर, त्यात बहुधा मोहरीसारखे गोल दाणे आणि धातूचे चमकते ठिपके. खडबडीत, बिनचकाकीच्या फरशीवर घासल्यावर लाल रेघ उमटली तर तो लोहखनिजाचा दगड समजावा.

पण माझे म्हणणे दगडाच्या परीक्षेपुरते नाही. दगड शोधण्यात जाणारी ही हौस आधी आकाशाकडे वळायला हवी, आणि त्यासाठी पेण आणि रोहा यांच्यासारखी जोडी शोधूनही सापडणार नाही. ही दोन गावे जवळपास उत्तर-दक्षिण रेषेत, सरळ अंतराने तीस-बत्तीस किलोमीटरवर आहेत. उल्का पेटते ती साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवर. पेणच्या डोक्यावर शंभर किलोमीटर उंचीवर चमकलेली उल्का रोह्याहून उत्तरेकडे अठरा अंश सरकलेली दिसेल. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंशांची असते, म्हणजे हा फरक जवळपास दोन मुठींचा. ताऱ्यांच्या नकाशावर दोन्हीकडून रेघ ओढली आणि वेळ जुळली, की उल्केची उंची वहीत मांडता येते. १७९८ मध्ये गटिंगेनच्या ब्रांडेस आणि बेंझेनबर्ग या दोन विद्यार्थ्यांनी नेमके हेच केले, तेही नुसत्या डोळ्यांनी. उल्का वातावरणात खूप उंचावर पेटतात, हे मोजून दाखवले ते त्यांनी.

यावर कोणी म्हणेल, काटोलचे अशनी कुठल्या वहीमुळे सापडले? आक्षेप रास्त आहे. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात ते पडले ते भरदिवसा, मोठ्या आवाजासह, आणि गावकऱ्यांनी तुकडे गोळा केले. त्यातल्याच एका तुकड्यात ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडले. पृथ्वीच्या पोटात सर्वाधिक असलेले, पण आपल्या हाती न लागणारे हे खनिज! पण काटोलला लोकांनी पाहिले आणि ऐकले होते, म्हणूनच कुठे शोधायचे ते कळले. रात्री पडलेल्या अशनीचा माग काढायचा तर दिशा, उंची आणि वेळ कोणीतरी टिपून ठेवलेली हवी. २०२१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या विंचकोंबचा दुर्मीळ अशनी काही तासांत हाती आला. त्यामागे हौशी लोकांनी घरोघरी लावलेल्या कॅमेऱ्यांचा मोठा वाटा होता.

दुसरी अडचण पावसाची. ऑगस्टमधला प्रसिद्ध ययाती उल्कावर्षाव कोकणात बहुधा ढगांआडच जातो. पण १३-१४ डिसेंबरचा मिथुन राशीतला वर्षाव आपल्या स्वच्छ थंडीत येतो, आणि मध्यरात्रीनंतर मिथुन माथ्यावर असते. गावातल्या दिव्यांचा त्रास होईल, हेही खरे. पेणकरांनी हेटवण्याकडे आणि रोहेकरांनी कोलाडकडे सरकावे. दोघेही पूर्वेला जातील आणि मधले अंतर फारसे बदलणार नाही. डोळ्याच्या नोंदीत दोन-चार अंशांची चूक होणारच, पण मोजायचा फरक अठराचा आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून हौशी निरीक्षकांना तयार करत आले आहे. नकाशावर उल्का कशी आखायची हे शिकवणारी माणसे फार लांब नाहीत.

पेण आणि रोह्याच्या शाळा-महाविद्यालयांनी येत्या १३ डिसेंबरला चार-चार जणांचा एकेक गट बसवावा आणि मोबाइलची घड्याळे सेकंदापर्यंत जुळवावीत. त्यानंतरही एखादा दगड खरोखर संशयास्पद वाटला, तर तो धुऊ नये, कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवावा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. देशात पडलेले अशनी सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्याकडेच आहे.