त्रिस्थळी, सप्तपुरी नव्हे

परदेशप्रवास आतां मध्यम स्थितींतील कुटुंबांसही दुर्लभ राहिलेला नाहीं; परंतु तो आंखण्याची कला अद्याप आपल्या अंगवळणीं पडलेली दिसत नाहीं. पैसा जमतो, रजा मिळते, आणि मग कागद पुढें ओढून मंडळी शहरांचीं नांवें लिहूं लागतात. दिवस मोजण्याचें काम मात्र शेवटावर राहतें.

पुण्याच्या एका भगिनीचें पत्र या महिन्यांत आलें आहे. सासूसासरे, पतिपत्नी व दोन मुलें अशीं त्यांच्या घरचीं सहा माणसें मार्चच्या अखेरीस दहा दिवस युरोपांत जाणार आहेत. पतींनीं केलेल्या यादींत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान, इंटरलाकेन, पॅरिस व व्हिएन्ना अशीं सात शहरें आहेत. सासूबाईंचें वय ७१, गुडघे दुखरे. "तुम्ही हिंडून या, मी खोलीवर बसेन," असें त्या आतांपासूनच म्हणूं लागल्या आहेत. व्हेनिस पाहावें ही त्यांची फार दिवसांची इच्छा. पण ती त्या बोलून दाखवीत नाहींत. यावर कांहीं तोड आहे काय, असें बाई विचारतात. एका वडीलधाऱ्या माणसाच्या मनाचा हा प्रश्न असल्यामुळें उत्तर थोडें विस्तारानें देत आहों.

यादी लांबते ती बहुधा एकाच विचारानें: पुन्हां असा योग येईल न येईल, तर सर्व पाहून घ्यावें. हा विचार स्वाभाविक आहे, पण त्यावरून काढलेलें अनुमान उलटें आहे. योग पुन्हां येणार नसेल, तर जें पाहावयाचें तें नीट पाहिलें पाहिजे.

हिशेब करून पाहूं. दहा दिवसांतून जाण्यायेण्याचे दोन वजा केले म्हणजे आठ उरतात. एका शहरांतून दुसऱ्या शहरांत जाणें म्हणजे सामान बांधणें, स्थानक गांठणें, गाडीचा वेळ, नवी जागा शोधणें आणि तेथें खोली मिळेपर्यंत वाट पाहणें. जवळच्या शहरांतही यांत अर्धा दिवस जातो. सात शहरांस सहा स्थलांतरें, म्हणजे तीन दिवस तर गेलेच; उरलेल्या पांच दिवसांत सात शहरें. शिवाय रोमहून पॅरिस वा व्हिएन्ना हा कांहीं अर्ध्या दिवसाचा पल्ला नव्हे. उलट तीन शहरें धरलीं तर दोनच स्थलांतरें. एक दिवस जातो, सात हातीं राहतात.

आपले वाडवडील काशी, प्रयाग व गया अशी त्रिस्थळी यात्रा करीत. सप्तपुरींचें माहात्म्य त्यांनाही ठाऊक होतें, परंतु एका खेपेस तीन स्थळें हें त्यांनीं शक्ति ओळखून ठरविलेलें प्रमाण होतें. तेंच येथें लावावें: रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस. हीं तिन्हीं एकाच लोहमार्गाच्या ओळींत आहेत. शीघ्रगति गाडीनें रोम ते फ्लॉरेन्स सुमारें दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस सुमारें सव्वादोन तास. तिकीट काढतांना जाणें रोमपर्यंत व परतणें व्हेनिसहून, असें काढावें. म्हणजे उलट रोमला येण्याचा एक दिवस वांचतो. रोमला चार रात्री व इतर दोन ठिकाणीं दोन-दोन, अशी वांटणी ठीक पडेल. पहिला दिवस थकव्याचा असल्यामुळें रोमला अधिक द्याव्या.

फ्लॉरेन्सच्या मुख्य देवालयाच्या घुमटावर जाण्यास ४६३ पायऱ्या आहेत व उद्वाहकाची सोय नाहीं; तेथें मुलांनीं व त्यांच्या वडिलांनीं जावें, वृद्धांनीं चौकांत उन्हांत बसावें. मायकेलअँजेलोचा १५०४ सालीं पुरा झालेला डेव्हिडचा पुतळा मात्र सर्वांस पाहतां येतो. तो ज्या अकादेमिआ संग्रहालयांत आहे तें, आणि उफ्फिझीही, सोमवारीं बंद असतात. रोमला व्हॅटिकनचीं संग्रहालयें महिन्याचा शेवटचा रविवार सोडल्यास रविवारीं बंद. यासाठीं वारांकडे पाहूनच शहरांचा क्रम बसवावा.

व्हेनिसला चारशेंहून अधिक पूल आहेत, आणि बहुतेकांस पायऱ्या. पण सासूबाईंनीं याची धास्ती घेऊं नये. गाडींतून मेस्त्रे येथें न उतरतां सान्ता लुचिआ या शेवटच्या स्थानकावर उतरावें. समोरच जलमार्ग आहे. तेथून १ क्रमांकाची सार्वजनिक नौका मोठ्या कालव्यानें पाऊण तासांत सेंट मार्कच्या चौकापर्यंत नेते. दुतर्फा प्राचीन वाडे बसल्या जागीं पाहावे. राहण्याची जागाही अशा धक्क्याजवळ व वाटेंत पूल नसलेली घ्यावी, मग ती थोडी महाग पडली तरी चालेल. चार शहरें वगळल्यानें वांचलेला पैसा येथें खर्चावा.

आतां तारखा. मार्चअखेर रोमला दुपारीं १५ ते १७ अंश उष्णता असते, व्हेनिसला रात्रीं ५ अंशांच्या आसपास. लोकरीचे कपडे व पावसाची छत्री हवीच. २०२७ सालीं ईस्टर २८ मार्चला आहे. त्या सप्ताहांत रोमला जगभरची गर्दी लोटते, दरही चढतात. त्याच रविवारीं तेथील घड्याळें एक तास पुढें होतील. मुलांच्या परीक्षा पाहून एप्रिलचा पहिला आठवडा संपल्यावर निघालें तर हवाही अधिक सौम्य मिळेल.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वीं ६ महिन्यांपासून करतां येतो. १५ दिवस ही अखेरची मुदत आहे, ती गांठूं नये. जून २०२४ पासून प्रौढांस शुल्क ९० युरो आहे. वैद्यकीय विमा निदान ३०,००० युरोंचा लागतो. वृद्धांचा घेतांना जुन्या दुखण्यांचा त्यांत समावेश आहे काय, हें अवश्य वाचावें.

जेवणाचे फार हाल होत नाहींत, मात्र विचारून घ्यावें. पार्मेझान चीज करतांना वासराच्या जठरांतील द्रव्य वापरतात, आणि मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सारांत कधीं मांसाचा रस्साही असतो. मारिनारा नांवाच्या पिझ्झावर चीज नसतें, पण लसूण असते. स्वयंपाकघर असलेली जागा घेतल्यास रात्रीं मुगाची खिचडी होऊं शकते. मात्र ती रोज सूनबाईंनींच करावी असा नियम नसावा.

भगिनीस एवढेंच सांगणें कीं, यादीवरून पतींशीं वाद घालूं नये. प्रत्येकास "या प्रवासांत तुला एकच गोष्ट पाहतां आली तर कोणती?" असें विचारावें, आणि उत्तरें एका कागदावर लिहावीं. आधीं मुलांस, मग वडिलांस, शेवटीं सासूबाईंस विचारावें, म्हणजे इतरांनीं सांगितल्यावर त्यांसही संकोच वाटणार नाहीं. त्यांनीं व्हेनिसचें नांव घेतलें कीं तिकिटाची दुसरी बाजू तेथूनच ठरवून टाकावी. बाकीचें तिच्या अनुरोधानें बसवितां येईल.